रोज मेकअप करणाऱ्यांनी स्किन ट्रीटमेंट कशी निवडावी: आधी बिनमेकअपचे दिवस मोजा

स्किन क्लिनिकमध्ये गेलं की पहिल्यांदा रेटकार्ड हातात येतं. अमका पील (ॲसिड लावून कातडीचा वरचा थर सोलणं), तमका लेझर, सहा सिटिंगचं पॅकेज, आज पैसे भरले तर एक सिटिंग फुकट. रोज मेकअप करणाऱ्या बाईसाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा मात्र त्या कार्डावर नसतो. ही ट्रीटमेंट केल्यावर किती दिवस तोंडाला फाउंडेशन लावायचं नाही?

गुजरीतल्या सराफी दुकानात काउंटरला उभी राहणारी मुलगी, बँकेतली, हॉटेलच्या रिसेप्शनवरची, चित्रनगरीत मालिकेच्या शूटला जाणारी कलाकार, यांना कुणी ‘आठवडाभर मेकअप नको’ म्हटलं की त्या मान डोलावतात आणि तिसऱ्या दिवशी सगळं लावून कामावर हजर होतात. दुसरं करणार तरी काय? मग सोललेल्या कातडीवर डाग बसतो आणि दोष पीलला जातो. मी कोल्हापुरात मेकअपचं काम करते, डॉक्टर नाही. औषध कुठलं आणि किती, हे डॉक्टरच सांगतील. पण रेटकार्ड हातात घेण्याआधी आपल्याला काय ठाऊक असायला हवं, ते पायरीपायरीने सांगते.

पहिली पायरी: कॅलेंडर समोर घ्या

येत्या तीन महिन्यांचं कॅलेंडर काढा आणि तोंडाला काहीच न लावता राहता येईल तेवढ्याच तारखांवर खूण करा. रविवारी सुट्टी आहे, पण मावसबहिणीची हळद आहे, तर तो रविवार धरायचा नाही. खुणा सुट्या आहेत की सलग, तेही बघा. चार सुटे रविवार आणि चार सलग दिवस यांत ट्रीटमेंटच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहुतेकींचा हिशोब आठवड्याला एक दिवस आणि वर्षातून एखाद-दुसरा सलग आठवडा, असा निघतो. शूटवाल्यांचा तोही नाही. हा आकडा लिहून ठेवा, चौथ्या पायरीला लागेल.

दुसरी पायरी: दुखणं मेकअपचंच तर नाही ना?

ही पायरी गाळून बायका थेट पीलकडे जातात, म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबते.

१९७२ साली अल्बर्ट क्लिगमन आणि ओटो मिल्स या अमेरिकी संशोधकांनी सौंदर्यप्रसाधनांमुळे येणाऱ्या मुरमांचं वर्णन केलं आणि त्यांना ‘ॲक्ने कॉस्मेटिका’ असं नाव दिलं. गालावर, हनुवटीवर, कपाळावर कातडीच्याच रंगाचे बारीक, बंद तोंडाचे दाणे येतात. लाल, दुखरे, पू झालेले फार नसतात. आरशात समोरून नीट दिसत नाहीत, पण बोट फिरवलं की खरखर लागते, आणि बाजूने उजेड पडला की फाउंडेशनखालून उठून दिसतात. हे एका रात्रीत येत नाहीत. एखादी वस्तू आठवडे, महिने वापरल्यावर येतात, त्यामुळे त्या वस्तूवर संशयच जात नाही. उलट दाणे झाकायला आणखी जाड थर बसतो.

सुरुवात मेकअप काढण्यापासून करा. वाइप्सने पुसणं म्हणजे काढणं नव्हे, अर्धा मेकअप सगळ्या तोंडभर फिरतो आणि घासल्याने कातडी दुखावते ती वेगळीच. पाणी लागल्यावर दुधाळ होणारं क्लिन्झिंग ऑइल किंवा बाम कोरड्या हाताने कोरड्या तोंडावर मिनिटभर हलकं फिरवा, मग पाणी लावून धुवा, त्यानंतर साधा सौम्य फेसवॉश. मायसेलर वॉटर वापरत असाल तर कापूस पांढरा निघाला म्हणून तसंच झोपू नका, नंतर तोंड धुवा. केसांची कड, कानासमोरची जागा, नाकपुडीच्या बाजू आणि जबड्याखालचा भाग हमखास राहतो, आणि बारीक दाणे बहुतेक तिथेच असतात. खोबरेल तेलाने मेकअप सुटतो हे खरं, पण मुरूम येणाऱ्या तोंडावर ते मागे राहिलं तर छिद्रं बंद करतं. ज्यांना मुरूम नाहीत त्यांनी खुशाल वापरावं.

मग स्पंज. ओला स्पंज झाकणाच्या डब्यात कोंबून पर्समध्ये टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तोच तोंडावर फिरवायचा, ही सवय फार जणींना आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जीन्स चार दिवस वाळत नाही, तिथे स्पंज आतून कुठला वाळतोय! वापरला की धुवा, पिळा, पंख्याखाली उघड्यावर ठेवा, आणि दोन-तीन महिन्यांनी टाकून द्या. ब्रश आठवड्यातून एकदा धुवावेत. मस्कारा उघडल्यापासून तीन महिन्यांनी कितीही उरला असला तरी टाकायचा. दुकानातला टेस्टर थेट तोंडावर लावायचा नाही.

स्कार्फचाही विचार करा. गाडीवरून जाताना डोळे सोडून सगळं तोंड बांधून घ्यायची आपल्याकडे रीत आहे. ऊन-धूळ अडते, ते बरोबरच आहे. पण ताज्या फाउंडेशनवर घट्ट बांधलेला सिंथेटिक स्कार्फ घाम आणि घर्षण दोन्ही वाढवतो, आणि कालचं फाउंडेशन आज पुन्हा तोंडाला लागतं. सुती स्कार्फ, रोज धुतलेला, थोडा सैल. शक्य असेल तर मेकअप कामावर पोचून करा. कपाळावरच्या दाण्यांचं कारण कित्येकदा केसांना लावलेलं चप्प तेल असतं, फाउंडेशन बिचारं नाहक बदनाम होतं.

टिकलीखाली पांढरा डाग पडत असेल तर कुठल्याच फेशियलने तो जाणार नाही. टिकलीच्या डिंकात असणाऱ्या एका रसायनामुळे कातडीतला रंग नाहीसा होऊ शकतो, हे त्वचारोगतज्ज्ञांना चांगलं माहीत आहे. टिकली बंद करायची आणि दाखवायला जायचं. कुंकवाच्या जागी काळपट चट्टा येत असेल तर कुंकवातला रंग किंवा वास तपासायला हवा. पापण्यांना खाज सुटून लाली येत असेल तर आयशॅडोबरोबर नेलपॉलिश आणि हेअरडायवरही संशय घ्या. नखाचा हात दिवसभर डोळ्याला लागत असतो आणि पापणीची कातडी सगळ्यात पातळ, म्हणून ॲलर्जी बोटाला न दिसता पापणीवर दिसते.

नवी वस्तू आणली की कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून बघा. खाज, लाली आली नाही तर मग तोंडावर. नक्की कशाची ॲलर्जी आहे हे कळतच नसेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. पाठीवर पट्ट्या लावून साधारण ४८ तासांनी काढतात आणि ९६ तासांच्या सुमारास पुन्हा बघतात. जाताना आपली मेकअपची पिशवी घेऊन जा, बाटल्यांवरची घटकांची यादी डॉक्टरांच्या कामाची असते.

हे सगळं बदलून सहा ते आठ आठवडे द्या. बऱ्याच जणींना यापुढच्या पायऱ्यांची गरजच पडत नाही. क्लिनिकमध्ये हे कुणी सांगत नाही, कारण यात विकण्यासारखं काही नाही.

तिसरी पायरी: उरलंय त्याला नाव द्या

सकाळी तोंड धुऊन, काही न लावता, खिडकीच्या उजेडात तीन फोटो काढा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी. फिल्टर नको. ‘स्किन खराब झालीय’ ही तक्रार घेऊन गेलात तर समोरचा त्याच्याकडे जे मशीन आहे तेच सुचवणार. म्हणून नेमकं काय आहे ते ठरवा.

चालू मुरूम असतील तर आधी ते थांबवायचे, डाग आणि खड्डे नंतर. सुईचं मशीन (मायक्रोनीडलिंग) चालू, पिकलेल्या मुरमांवरून फिरवायचं नसतं. मुरूम गेल्यावर राहिलेला सपाट तपकिरी डाग म्हणजे खड्डा नव्हे. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत रंगद्रव्य जास्त, त्यामुळे जराशा जखमेनेही डाग पडतो. तो उन्हापासून जपला तर काही महिन्यांत आपोआप फिका होतो. खड्डा मात्र आपोआप भरत नाही आणि कुठल्याही क्रीमने भरत नाही. बोटाला खोलगट लागतो तो खड्डा, फक्त डोळ्याला दिसतो तो डाग. एवढं ओळखता आलं तरी नको त्या मशीनचे पैसे वाचतील.

वांग वेगळाच. दोन्ही गालांवर, कपाळावर किंवा ओठाच्या वर जवळजवळ सारखा पसरलेला तपकिरी पट्टा. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या, ऊन आणि घराण्यातली प्रवृत्ती यांनी तो वाढतो, चुलीपुढच्या धगीनेही वाढतो. तो फिका होतो आणि काळजी सोडली की परत येतो. ‘वांग कायमचा घालवतो’ असं म्हणणाऱ्याकडून उठून यावं. जोराचा पील किंवा लेझर करून वांग आणखी काळा पडल्याची उदाहरणं भरपूर आहेत. इथे रोज मेकअप करणाऱ्यांसाठी एक चांगली बातमी आहे. वांगाला डोळ्याला दिसणारा प्रकाशही त्रास देतो, आणि साधं पांढरं किंवा पारदर्शक सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही. तो अडवतो आयर्न ऑक्साइड, म्हणजे टिंटेड सनस्क्रीनमध्ये आणि फाउंडेशनमध्ये कातडीसारखा रंग आणणारं तेच द्रव्य. म्हणजे वांग असणाऱ्या बाईचा बेस हा तिच्या उपचाराचाच भाग होऊ शकतो. फक्त खाली सनस्क्रीन पुरेसं हवं.

पुरेसं म्हणजे तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर पूर्ण रेघ निघेल इतकं, तोंड आणि मान मिळून. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पीए, म्हणजे अल्ट्राव्हायोलेट ए किरणांपासूनचं संरक्षण, तीन-चार अधिक चिन्हांचं. ‘माझ्या फाउंडेशनमध्येच एसपीएफ आहे’ हे ऐकून मी दमले आहे. बाटलीवरचा आकडा मिळायला जेवढं फाउंडेशन लावावं लागेल, तेवढं लावून कुणी घराबाहेर पडणार नाही.

निस्तेजपणा, ओपन पोअर्स, डी-टॅन वगैरे तक्रारींवर फार बोलत नाही. पोअर्स कायमचे बंद होत नसतात, आणि निस्तेजपणातला मोठा भाग मेकअप काढण्यापाशीच सुटतो.

चौथी पायरी: दिवसांवरून ट्रीटमेंट

आता पहिल्या पायरीतला आकडा काढा.

एकही दिवस मोकळा नाही. तरी हताश व्हायचं कारण नाही. माझ्या मते रोज मेकअप करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणींनी इथेच थांबावं. मेकअप दिवसा असतो, औषध रात्री लावता येतं. मुरमांसाठी ॲडापलीन किंवा बेंझॉइल पेरॉक्साइड, डाग आणि मुरूम दोन्हींसाठी ॲझेलेइक ॲसिड, सौम्य पर्याय म्हणून नियासिनामाइड. कुठलं आणि किती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. ॲडापलीन सुरू केल्यावर पहिले काही आठवडे कातडी कोरडी पडते, पापुद्रे निघतात आणि फाउंडेशन त्या पापुद्र्यांवर अडकून ठिपके-ठिपके दिसतं. इथेच बऱ्याच जणी औषध सोडतात. त्यापेक्षा एक रात्र आड लावा, सगळ्या तोंडाला मिळून एका वाटाण्याएवढंच घ्या, आधी मॉइश्चरायझर लावा, आणि या दिवसांत मॅट फाउंडेशनऐवजी पातळ, ओलसर बेस वापरा. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर ॲडापलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल नको. ॲझेलेइक ॲसिड त्या काळात साधारणपणे चालतं, तरी डॉक्टरांना विचारूनच.

आठवड्याला एक दिवस. यात सौम्य पील बसतात. मँडेलिक आणि लॅक्टिक हे संवेदनशील कातडीला त्यातल्या त्यात मऊ. तेलकट, बारीक दाण्यांच्या कातडीला सॅलिसिलिक, कारण ते तेलात विरघळतं आणि छिद्रात उतरतं. ग्लायकोलिक हे मँडेलिक-लॅक्टिकच्या गटातलं सगळ्यात लहान रेणूचं ॲसिड, लवकर आत शिरतं म्हणून जपून. ते उसात असतं, पण आपल्या जिल्ह्यात ऊस मुबलक आहे म्हणून रस तोंडाला चोपडू नका, क्लिनिकमधलं ॲसिड कारखान्यात ठरावीक तीव्रतेचं बनवलेलं असतं. सुट्टीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पील घेतला तर सुट्टीचा अख्खा दिवस मोकळा मिळतो. पण पापुद्रे बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून निघतात, म्हणजे कामाच्या दिवशीच. पहिला पील मुद्दाम कमी तीव्रतेचा मागा आणि आपल्या तोंडाला काय होतं ते बघा. दोन पीलमध्ये साधारण दोन ते चार आठवड्यांचं अंतर असतं, आणि एका पीलने काही होत नाही. चार-सहा तरी लागतात. नको असलेल्या केसांचं लेझरही एका दिवसात बसतं. त्यात लांब तरंगलांबीचं एनडी-याग किंवा डायोड सावळ्या कातडीला जास्त सुरक्षित. ‘आयपीएल’ (लेझर नव्हे, तीव्र प्रकाशाचे झोत) असेल तर नीट विचारा, कारण ते सावळ्या कातडीला भाजू शकतं.

मशीनवर होणारं पाण्याचं फेशियलही याच खान्यात. समारंभाआधी दोन-तीन दिवस करायला छान, चकाकी येते, मेकअप सुरेख बसतो. डाग, खड्डे, वांग यांवर ते उपचार आहे असं सांगून विकलं जात असेल तर मात्र घेऊ नका.

सलग दोन-तीन दिवस. खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग. बारीक सुयांनी कातडीला असंख्य छिद्रं पाडतात आणि ती भरून येताना नवं कोलॅजन बनतं. ती छिद्रं काही तास उघडी असतात, त्यामुळे मेकअप किमान ४८ तास, जमलं तर ७२ तास नाही. या काळात साध्या सीरममधले वास आणि प्रिझर्व्हेटिव्ह थेट आत गेले तर कातडीखाली गाठी उठू शकतात, तशी उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आलेली आहेत. ऑनलाइन मिळणारा रोलर आणून घरी फिरवायचा तर विचारही करू नका. तीन ते सहा सिटिंग, प्रत्येकात चार-सहा आठवड्यांचं अंतर धरा.

सलग आठवडा किंवा जास्त. फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेझर, टीसीए (ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिड) पील, खड्ड्यांखालचे धागे सोडवणारं सबसिजन. परिणाम जास्त, आणि आपल्या कातडीत डाग पडण्याची जोखीमही जास्त. सबसिजननंतरचा निळेपणा आठवडा-दोन आठवडे राहू शकतो. लांब रजा असल्याशिवाय याच्या वाटेला जाऊ नये.

लेझर टोनिंग (कमी ताकदीचा लेझर पुन्हा पुन्हा फिरवणं) आणि कार्बन पील (कार्बनचा लेप लावून त्यावर लेझर) यांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. ‘काही डाउनटाइम नाही’ म्हणून रोज मेकअप करणाऱ्यांना तेच आधी सुचवलं जातं. नेमक्या कारणासाठी, अनुभवी डॉक्टरच्या हातून, अंतर राखून केलं तर ठीक. गोरेपणाच्या हौसेने वर्षभर दर पंधरवड्याला केलं तर कातडीवर पांढरे ठिपके पडू शकतात आणि ते हटायला फार अवघड जातं.

भुवयांचं मायक्रोब्लेडिंग किंवा ओठांचा परमनंट रंग केलेला असेल तर लेझरवाल्याने विचारायची वाट न बघता आधीच सांगा. त्या रंगात बऱ्याचदा आयर्न ऑक्साइड असतं आणि लेझर लागला की तपकिरी-गुलाबी रंग काळा पडू शकतो.

पाचवी पायरी: हात कुणाचा, डबी कुणाची

पार्लर आणि क्लिनिक यांतली रेघ आजकाल पुसट झाली आहे. क्लीनअप, थ्रेडिंग, वॅक्सिंग, साधं फेशियल पार्लरमध्ये करा, आमच्या धंद्याचा मला अभिमान आहे. सुई, लेझर आणि जोराचा पील मात्र त्वचारोगतज्ज्ञाकडेच. पाटीवर एमडी, डीडीव्हीएल किंवा डीव्हीडी अशी त्वचारोगाची पदवी-पदविका आहे का आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक आहे का, ते बघा. काही आठवड्यांच्या कॉस्मेटॉलॉजी कोर्सची फ्रेम म्हणजे ही पदवी नव्हे. खर्चाची अडचण असेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. रांग लागते, पण तिथे कुणी पॅकेज विकत नाही, आणि नेमकं काय झालंय हे कळायला तेवढं पुरतं.

क्लिनिकमध्ये विचारायचे प्रश्न: मला नक्की काय झालंय? पील कुठला आणि किती टक्के? मशीनचं नाव काय, आणि माझ्या रंगाच्या कातडीवर इथे नेहमी वापरता का? सिटिंग डॉक्टर करणार की असिस्टंट? मेकअप किती तासांनी? डाग पडला तर पुढे काय करणार? शेवटच्या प्रश्नावर जो ‘पडतच नाही’ म्हणतो त्याच्याकडे पैसे भरू नका. पहिल्याच दिवशी सहा सिटिंगचे पैसे तर कुणाकडेच भरू नयेत. एक करा, चार आठवडे बघा, मग पुढचं.

आता डबी. लेबल नसलेली, ‘मॅडमनी स्वतः बनवलेली’ गोरेपणाची क्रीम कितीही जवळच्या माणसाने दिली तरी लावायची नाही. २०२३ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये आणि आपल्या अकोल्यातही अशा क्रीममुळे मूत्रपिंडाचे आजार झाल्याचं उघडकीला आलं, कारण क्रीममध्ये पारा होता. पारा कातडीतून रक्तात जातो. घरातली एक जण लावत असेल तरी बाकीच्यांच्या अंगात तो जाऊ शकतो, लहान मुलं तर गालाला गाल लावून झोपतात.

दुसरी डबी मेडिकलमधली. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टिरॉइड अशा तिहेरी मिश्रणाच्या ट्यूब वांगासाठी थोड्या काळापुरत्या, डॉक्टरच्या देखरेखीखाली वापरायच्या असतात. आपल्याकडे त्या मैत्रिणीमैत्रिणींत सुचवल्या जातात आणि वर्षानुवर्षं फाउंडेशनखाली बेससारख्या लावल्या जातात. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळ दिसतो, मग कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, केस वाढतात, ऊन सहन होत नाही, आणि ट्यूब थांबवली की तोंड भडकतं, म्हणून बाई पुन्हा तीच ट्यूब लावते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मिळतात तरीही. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचा: मोमेटासोन, बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, यांतलं काही असेल तर ते स्टिरॉइड. बरेच दिवस लावत असाल तर एकदम बंद न करता डॉक्टरकडे जा, आणि पील-लेझर करण्याआधी हे सांगाच, लपवू नका.

गोरेपणासाठी ग्लुटाथायोनचं इंजेक्शन शिरेतून घेणं हाही प्रकार वाढलाय. त्या कामासाठी त्याला मान्यता नाही. विषय संपला.

सहावी पायरी: आधीचे दिवस, नंतरचे दिवस

ट्रीटमेंटच्या आठवडाभर आधी तोंडाचं वॅक्सिंग, ब्लीच, स्क्रब बंद. रात्रीचं ॲडापलीन-ट्रेटिनॉइन किती दिवस आधी थांबवायचं ते विचारा. ही औषधं चालू असताना ओठावर वॅक्स लावला तर कातडीच निघून येऊ शकते, हे पार्लरमध्ये जाताना कायम लक्षात असू द्या. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत की होत्या, ओठाजवळ कधी तापाचे फोड म्हणजे हर्पीसचा (नागिणीच्या वर्गातल्या विषाणूचा) त्रास झालाय का, जखमेचा वण जाड होतो का, हे सगळं आधी सांगायचं.

जाताना तोंड पूर्ण उघडं. ‘काजळच तर आहे’ असं चालत नाही. मेकअपमधले रंग आणि चमकी लेझरचा प्रकाश शोषतात आणि तिथे कातडी भाजू शकते.

ट्रीटमेंटनंतर ठरलेले तास संपेपर्यंत सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, बस्स. व्हिटॅमिन सी, रेटिनॉल, स्क्रब पाच-सात दिवस नाही. पापुद्रे ओढायचे नाहीत. जिथे ओढाल तिथेच डाग.

मेकअपकडे परतताना एकदम पूर्ण थर नको. आधी फक्त टिंटेड सनस्क्रीन. दुसऱ्या दिवशी जळजळ नसेल तर डागापुरतं कन्सीलर, बोटाने थोपटून, घासून नाही. पापुद्रे पूर्ण गेले की फाउंडेशन. स्पंज नवा किंवा त्याच दिवशी धुऊन वाळवलेला. वॉटरप्रूफ आणि चोवीस तास टिकणाऱ्या वस्तू त्या आठवड्यात टाळा, कारण त्या काढायला घासावं लागतं. रात्री परतल्यावर पहिलं काम तोंड धुणं, मग चहा.

मालिका-नाटकातल्या पुरुषांसाठी एवढंच: चिकट दाढी-मिशी लावायची असेल तर पीलनंतर ती जागा पूर्ण बरी होईपर्यंत डिंक नको, आणि तो काढायला स्पिरिट तर नकोच.

सातवी पायरी: कोल्हापूरचं वर्ष

मार्च ते मे पील आणि लेझरसाठी वाईट. ऊन तर आहेच, पण रंगपंचमी आणि जोतिबाची चैत्र यात्राही याच काळात. नुकत्याच सोललेल्या तोंडावर गुलाल उधळला तर काय होईल ते सांगायला नको, आणि जोतिबावर जाऊन ‘मला गुलाल नको’ म्हणणारं माणूस मी तरी पाहिलेलं नाही. यात्रेच्या आधीचे तीन आठवडे मोकळे सोडा. गुलालाच्या बाबतीत हेच गणपती विसर्जनालाही लागू.

जून ते ऑगस्ट हा सोयीचा काळ. ढग असतात, लग्नं कमी. पण ढगांतून आणि काचेतून अल्ट्राव्हायोलेट ए किरण येतातच, म्हणून सनस्क्रीन पावसातही. घाम आणि दमटपणामुळे बुरशीचे पुरळ येतात ते याच दिवसांत, आणि ते मुरमांसारखे दिसतात पण मुरमांच्या औषधाने जात नाहीत. खाज जास्त, दाणे एकसारखे, तर दाखवून घ्या.

गौरी-गणपती, नवरात्र, दिवाळी या तिन्ही काळात दुकानात उभं राहणाऱ्यांना सुट्टी नसते. तेव्हा नवं काही सुरू करू नये, चालू असलेलं रात्रीचं औषध तेवढं ठेवावं.

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त असणाऱ्या नवरीने जूनमध्ये त्वचारोगतज्ज्ञाला गाठावं. मुरूम थांबायला तीन महिने, डागांना आणखी दोन, असा साधा हिशोब आहे. लग्नाच्या तीन आठवडे आधी शेवटचा पील, आणि त्यानंतर तोंडावर कुठलीही नवी वस्तू नाही, आत्याने अमेरिकेहून पाठवलेली असली तरी. हळदीच्या आदल्या दिवशी ‘जरा ग्लो येऊ दे’ म्हणून ब्लीच करून लालभडक तोंडाने माझ्यासमोर बसणाऱ्या नवऱ्या दर हंगामात येतात. हिरवं करेक्टर लावून मी लाली झाकते, पण जळजळ झाकता येत नाही, आणि सप्तपदीत डोळ्यांतून येणारं पाणी दर वेळी सासरी जायचंच नसतं.

थोडी लाली, कोरडेपणा, पापुद्रे हे पील किंवा सुईनंतर अपेक्षित आहेत. दिवसागणिक वाढत जाणारं दुखणं, पू, पिवळी खपली, डोळ्याभोवती सूज किंवा भाजल्यासारखा राखाडी-काळा चट्टा दिसला तर मेकअप लावून झाकायचा नाही. उजेडात फोटो काढून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. ओठाजवळ किंवा गालावर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा पुंजका उठला आणि ठणकायला लागला तर सकाळची वाटही बघू नका. हर्पीसच्या विषाणूवरचं औषध जितक्या लवकर सुरू होतं तितकं ते जास्त लागू पडतं, आणि सोललेल्या कातडीवर हा विषाणू फार वेगाने पसरतो.